नोकरीआधी सीआयएसएसपी करावे का?

(वाचकांचे प्रश्न : शिक्षण आणि नोकरी)

निकाल लागले, कॅम्पसच्या मुलाखती संपल्या, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. ज्यांची निवड झाली ते पत्र लिहीत नाहीत. ज्यांची झाली नाही ते 'आता कोणते सर्टिफिकेशन करू?' असे विचारतात. आयटी क्षेत्रातील वरच्या पायरीची प्रमाणपत्रे कामाचा अनुभव घेण्याआधीच मिळवावीत का, या विषयावरची तीन पत्रे या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : मी यंदा इंदूरच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयातून माहिती तंत्रज्ञान शाखेत बी.टेक. झाले. कॅम्पसमध्ये निवड झाली नाही. मला सायबर सुरक्षेत काम करायचे आहे. भंवरकुआ भागातील एका क्लासमध्ये चौकशी केली, तेव्हा तेथील समुपदेशकांनी सांगितले की या क्षेत्रात फ्रेशरला कोणी विचारत नाही, म्हणून लहानसहान प्रमाणपत्रांत वेळ न घालवता थेट सीआयएसएसपी हे सायबर सुरक्षेतील वरच्या पायरीचे प्रमाणपत्र करावे, म्हणजे गर्दीत वेगळे दिसता येईल. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, शुल्क दीड लाख रुपये आहे आणि परीक्षेचे शुल्क वेगळे आहे. बाबा मार्चमध्ये निवृत्त होत आहेत आणि ते पीएफमधून पैसे द्यायला तयार आहेत. नेटवर्किंग मला महाविद्यालयात शिकवले तेवढेच येते. मी हा अभ्यासक्रम करावा का?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आता करू नये, आणि वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून तर मुळीच करू नये. क्लासने तुम्हाला खोटे काही सांगितले नसेलही, पण जे सांगायला हवे होते ते सांगितलेले दिसत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सीआयएसएसपी हे प्रमाणपत्र आयएससी-टू ही संस्था देते. तिच्या नियमानुसार सुरक्षेच्या आठ विषयक्षेत्रांपैकी किमान दोन क्षेत्रांत मिळून पाच वर्षे काम केल्याचा पुरावा दिल्याशिवाय ते मिळत नाही. संगणक किंवा माहिती तंत्रज्ञानासारख्या शाखेची पदवी असेल तर एका वर्षाची सूट आहे, म्हणजे तुमच्यापुढे चार वर्षे उरतात. परीक्षेला बसायला मात्र ही अट नाही, आणि फ्रेशरना हा अभ्यासक्रम विकणाऱ्यांचा सगळा डोलारा या एका सवलतीवर उभा असतो. तुम्ही उद्या परीक्षा उत्तीर्ण झालात, तर तुम्हाला 'असोसिएट ऑफ आयएससी-टू' म्हणवून घेता येईल आणि अनुभव पूर्ण करायला सहा वर्षांची मुदत मिळेल. पण तोवर नावापुढे किंवा रेझ्युमेमध्ये सीआयएसएसपी ही बिरुदावली लावण्याची परवानगी नाही. ज्या अक्षरांमुळे तुम्ही गर्दीत वेगळ्या दिसणार होता, तीच अक्षरे तुम्हाला वापरता येणार नाहीत. परीक्षेचे शुल्क ७४९ डॉलर आहे, त्यावर कर वेगळा, आणि असोसिएट म्हणून राहण्यासाठी दरवर्षी आणखी शुल्क भरावे लागते.

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था अनुभवाची अट तीन निरनिराळ्या प्रकारे वापरतात आणि हा फरक समजला की बरेचसे गोंधळ मिटतात. प्रकल्प व्यवस्थापनातील पीएमपीसारख्या परीक्षेला अनुभव नसेल तर बसताच येत नाही. पदवीधराला प्रकल्प हाताळल्याचा ३६ महिन्यांचा तपशील अर्जातच द्यावा लागतो आणि त्याची पडताळणीही होऊ शकते. सीआयएसएसपी, किंवा आयसाका या संस्थेची सीसा (प्रणालींचे लेखापरीक्षण) आणि सिझम (सुरक्षा व्यवस्थापन) ही प्रमाणपत्रे, परीक्षा आधी देऊ देतात पण अनुभव सिद्ध होईपर्यंत प्रमाणपत्र हातात देत नाहीत. तिसऱ्या गटात नेटवर्क उपकरणे बनवणाऱ्या सिस्कोची सीसीआयई ही वरच्या पातळीची नेटवर्किंग परीक्षा किंवा ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेची प्रोफेशनल पातळीची प्रमाणपत्रे येतात, जिथे औपचारिक अट कोणतीच नाही. पैसे भरा, परीक्षा द्या. अट नाही याचा अर्थ अपेक्षा नाही असा मात्र काढू नये. सीसीआयईसाठी पाच ते सात वर्षांचा अनुभव असावा असे सिस्को स्वतःच सुचवते, आणि लेखी परीक्षेनंतर सलग आठ तासांची प्रयोगशाळा परीक्षा असते. त्या आठ तासांत नुसते पाठांतर फार वेळ साथ देत नाही.

सीआयएसएसपीच्या परीक्षेचे स्वरूपही लक्षात घ्या. तीन तासांत किमान १०० आणि कमाल १५० प्रश्न येतात, तुमच्या उत्तरांनुसार पुढचे प्रश्न बदलत जातात आणि मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही. पुष्कळ प्रश्नांचे चारही पर्याय योग्य वाटतात. विचारलेले असते ते 'सर्वप्रथम काय कराल' किंवा 'सर्वांत उचित काय' असे. सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचा संशय असताना तो लगेच बंद करावा, की पुरावे जपावेत, की आधी वरिष्ठांना कळवावे, हे ठरवायला त्या सर्व्हरवर व्यवसायाचे काय अवलंबून आहे ते समजावे लागते. सियागंजमधला एखादा घाऊक व्यापारी दिवाळीच्या आठवड्यात बिलिंगचा सर्व्हर तासभरही बंद करू द्यायला का तयार होत नाही, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला हा प्रश्न वेगळा वाचता येतो. ज्याने पाहिलेले नाही तो प्रश्नसंच सोडवून सोडवून उत्तराचा साचा पाठ करतो. त्याने परीक्षा निघेलही, पण समज तशीच राहते. सनदी लेखापालांना आर्टिकलशिप केल्याशिवाय सदस्यत्व मिळत नाही, त्यामागचे कारण हेच आहे. आणि तेथे कोणी 'आधी सदस्यत्व द्या, उमेदवारी नंतर करतो' असे म्हणत नाही.

आता मुलाखतीच्या बाजूने पाहू. फ्रेशरच्या रेझ्युमेवर सीआयएसएसपी परीक्षा उत्तीर्ण असल्याचा उल्लेख दिसला, तर मुलाखत घेणाऱ्याच्या मनात दोन शंका येतात : ही व्यक्ती पहिल्या पायरीचे काम आनंदाने करील का, आणि हिला पायाभूत गोष्टी येतात का? पहिल्या शंकेपोटी पुष्कळदा मुलाखतीचे बोलावणेच येत नाही. दुसरी शंका तपासायला एखादा साधा प्रश्न पुरतो. उदाहरणार्थ, एखाद्या संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी पत्ता मिळाला आहे, तर काय बिघडले असावे? (नेटवर्कमधल्या संगणकांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून उत्तर आले नाही, म्हणून संगणकाने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला, हे त्याचे उत्तर.) जोखीम व्यवस्थापनाची व्याख्या तोंडपाठ असलेला उमेदवार येथे अडखळला, तर त्याचे मोठे प्रमाणपत्र त्याच्या विरुद्ध साक्ष देऊ लागते. तुम्ही स्वतःच लिहिले आहे की नेटवर्किंग महाविद्यालयापुरतेच येते. म्हणून सुरुवात तेथूनच करा.

मी तुमच्या जागी असतो, तर पहिले चार-पाच महिने सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या पायाभूत परीक्षेला दिले असते. या परीक्षेला पात्रतेची अट नाही, ती दोन तासांची आहे आणि शुल्क ३०० डॉलर आहे. सरावासाठी नेटवर्कची नक्कल करणारे सिस्कोचे पॅकेट ट्रेसर विनामूल्य मिळते आणि नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या पाकिटांचा प्रवास प्रत्यक्ष पाहण्यासाठी वायरशार्कही विनामूल्य आहे. घरातला एखादा जुना लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स टाका, डीएचसीपी सर्व्हर उभा करा, मुद्दाम बंद पाडा आणि वायरशार्कमध्ये काय दिसते ते वहीत लिहून ठेवा. ही वही मुलाखतीला घेऊन जायला लाजू नका. दीड लाखांच्या अभ्यासक्रमापेक्षा ती अधिक बोलते असे माझे मत आहे. सुरक्षेचेच प्रमाणपत्र हवे असेल तर कॉम्पटियाचे सिक्युरिटी-प्लस आहे, आणि आयएससी-टूचे 'सर्टिफाइड इन सायबरसिक्युरिटी' हे प्राथमिक प्रमाणपत्रही आहे, ज्याला अनुभव लागत नाही. त्याच संस्थेची ही सुरुवातीची पायरी क्लासने तुम्हाला का सुचवली नाही, याचे उत्तर शुल्काच्या आकड्यात शोधावे.

अर्ज करताना नजर केवळ सुपर कॉरिडॉरवरच्या टीसीएस आणि इन्फोसिसवर ठेवू नका. क्रिस्टल आयटी पार्क आणि परदेशीपुऱ्याजवळच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्समधल्या लहानमोठ्या कंपन्या, शहरातली मोठी रुग्णालये, पीथमपूरचे कारखाने या सगळ्यांना नेटवर्क सांभाळणारी, हेल्पडेस्कवर बसणारी माणसे लागतात. हेल्पडेस्कचे काम सुरक्षेचे नाही असे वाटून ते नाकारू नका. कर्मचाऱ्यांची खाती उघडणे, सोडून गेलेल्यांची बंद करणे आणि कोणाला कशाचा प्रवेश द्यावा हे सांभाळणे हा सीआयएसएसपीच्या आठ क्षेत्रांपैकी एका क्षेत्राचाच विषय आहे, आणि नेटवर्कची सुरक्षा हा दुसऱ्या क्षेत्राचा. आयएससी-टू आठवड्याला २० ते ३४ तासांचे अर्धवेळ कामही ठरावीक प्रमाणात मोजते, आणि कंपनीच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवर दाखला असेल तर बिनपगारी इंटर्नशिपही धरते. म्हणून नोकरी सोडताना 'अमुक काळ येथे कामाला होत्या' एवढ्याच मजकुराचा दाखला घेऊ नका. कोणकोणती कामे केलीत ते त्यात लिहून मागा. चार वर्षांनी हाच कागद तुम्हाला खऱ्या सीआयएसएसपीपर्यंत नेईल आणि तोवर परीक्षेचे शुल्क कदाचित तुमची कंपनीच भरील.

वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांना काही द्यायचेच असेल तर सीसीएनएचे परीक्षा शुल्क द्यावे.

प्रश्न : माझ्या चिरंजीवाने घरी अभ्यास करून ॲमेझॉनचे सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट हे प्रमाणपत्र मिळवले आहे. त्याला आता लगेच प्रोफेशनल या त्यापुढच्या पातळीची परीक्षा द्यायची आहे. दरम्यान इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्समधील एका लहान कंपनीकडून त्याला एल-वन (पहिल्या पातळीच्या) सपोर्टची नोकरी चालून आली आहे. पगार १५ हजार, आलटून पालटून रात्रपाळी. तो म्हणतो, प्रोफेशनल झाल्यावर आर्किटेक्ट म्हणूनच लागेन, ही नोकरी घेतली तर सपोर्टचा शिक्का बसेल. आमच्या पिढीला क्लाउड वगैरे कळत नाही, पण हातची नोकरी सोडणे मला पटत नाही. कोणाचे बरोबर?
— एक पालक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : नोकरीबाबत आपले बरोबर आहे. प्रमाणपत्राबाबत चिरंजीवांचे निम्मे बरोबर आहे, आणि ते निम्मे वाया जाऊ नये म्हणून हे गणित त्यांना अवश्य दाखवा.

प्रोफेशनल परीक्षा देण्यापूर्वी असोसिएट असणे २०१८ पर्यंत बंधनकारक होते. त्या वर्षी ती अट काढली गेली. त्यामुळे नियमाच्या दृष्टीने त्यांना कोणी अडवणार नाही. परंतु क्लाउडवर प्रणाली आखण्याचा आणि उभारण्याचा दोन किंवा अधिक वर्षांचा अनुभव असणाऱ्यांसाठी ही परीक्षा आहे असे ॲमेझॉनचेच म्हणणे आहे. १८० मिनिटांत ७५ प्रश्न असतात आणि एकेक प्रश्न परिच्छेदाएवढा लांब असतो : अमुक कंपनीची अनेक खाती आहेत, जुना डेटाबेस स्वतःच्या इमारतीत आहे, सेवा इतका वेळच बंद ठेवता येईल, खर्च कमीत कमी हवा, तर काय कराल? तोलून पाहण्याचे हे काम असते, आणि प्रत्यक्षात ज्याने कधी सेवा बंद पडल्यावर ग्राहकाचा फोन घेतलेला नाही त्याला त्यातल्या अटींचे वजन कळत नाही.

दुसरी बाब मुदतीची. ही दोन्ही प्रमाणपत्रे तीन वर्षे चालतात. आज प्रोफेशनल मिळाले तर त्याची मुदत नेमकी तेव्हा संपेल, जेव्हा तीन वर्षांच्या अनुभवानंतर त्याचा खरा उपयोग व्हायला हवा. मग पुन्हा शुल्क, पुन्हा अभ्यास. उलट, प्रोफेशनल उत्तीर्ण झाले की असोसिएटचेही आपोआप नूतनीकरण होते. म्हणून असोसिएटची मुदत संपत आली असताना, म्हणजे नोकरीच्या तिसऱ्या वर्षात, प्रोफेशनल द्यावे. एकाच परीक्षेत दोन्ही प्रमाणपत्रे ताजी होतील, आणि परीक्षेचे ३०० डॉलर त्या वेळी स्वतःच्या पगारातून भरता येतील. असोसिएट उत्तीर्ण झालेल्यांना पुढील परीक्षेच्या शुल्कात निम्मी सवलत मिळते, ती वापरण्याची मुदत चिरंजीवांनी आपल्या खात्यात पाहून ठेवावी. पण सवलत जाईल म्हणून घाईने परीक्षा देऊ नये.

राहिला 'शिक्का' बसण्याचा प्रश्न. ही भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. जेथे पाच-पाच वर्षे केवळ तिकिटे, म्हणजे ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारी, पुढच्या चमूकडे ढकलण्याचे काम असते, तेथे माणूस खरोखर अडकतो. म्हणून नोकरी स्वीकारण्यापूर्वी चिरंजीवांनी कंपनीला विचारावे की सपोर्ट कशाचा आहे, ग्राहकांच्या प्रणाली कोणत्या क्लाउडवर आहेत, एल-वनच्या माणसाला त्या प्रणालीत पाहण्याचा तरी अधिकार मिळतो का, आणि आजवर येथून एल-टूमध्ये किती जण गेले. उत्तरे समाधानकारक असतील तर १५ हजारांत रात्रपाळी करावी. रात्री दोन वाजता डिस्क भरल्याचा इशारा येतो, त्यामागे लॉग न पुसल्याचे कारण सापडते आणि ते पुन्हा होऊ नये म्हणून छोटी स्क्रिप्ट लिहिली जाते. आर्किटेक्टच्या मुलाखतीत असे प्रसंग सांगता यावे लागतात. मूळ गुणपत्रिका ठेवून घेणारा बॉन्ड मात्र करू नये. कंपनी मूळ कागद मागत असेल तर ती नोकरी सोडलेली बरी, तेथे मी चिरंजीवांच्या बाजूचा आहे.

तोवर वरच्या परीक्षेची भूक असेलच, तर प्रात्यक्षिक परीक्षेकडे वळावे. प्रमाणपत्रांमध्ये मी स्वतः हाच भेद सर्वांत महत्त्वाचा मानतो. रेड हॅटच्या आरएचसीएसए या लिनक्सच्या परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात. समोर चालू लिनक्स यंत्र असते, दिलेली कामे करून दाखवायची असतात, आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावरही ती टिकली नाहीत तर गुण मिळत नाहीत. कुबरनेटीज या क्लाउडवरची सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या प्रणालीची सीकेए परीक्षाही दोन तास कमांड लाइनवरच चालते. अशा परीक्षेची तयारी म्हणजे कामाचाच सराव, त्यामुळे फ्रेशरच्या हाती ती असली तर कोणी भुवया उंचावत नाही. आणखी एक घरगुती सूचना : चिरंजीव ॲमेझॉनच्या खात्यावर सराव करीत असतील तर बजेटचा इशारा लावून ठेवायला सांगा. सरावानंतर नॅट गेटवेसारखी सेवा चालू राहून गेली, तर ती तासाच्या हिशेबाने पैसे लावत राहते आणि बिल तुमच्या कार्डावर येते.

प्रश्न : मी बी.एससी. (संगणक) तृतीय वर्षात आहे. आमच्या गटात डंप, म्हणजे परीक्षेतून बाहेर आलेले प्रश्नसंच, फिरतात. त्यातलेच प्रश्न परीक्षेत येतात असे सगळे सांगतात आणि काही जण तसे उत्तीर्णही झाले आहेत. पुढे काम करताना शिकायचेच आहे, तर आता डंप वापरून मोठे प्रमाणपत्र घेतले तर काय बिघडते?
— एक विद्यार्थी, देवास

उत्तर : परीक्षा सुरू होण्यापूर्वी पडद्यावर गोपनीयतेचा करार येतो आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. परीक्षेतले प्रश्न बाहेर देणे हा त्या कराराचा भंग आहे, आणि असे चोरलेले प्रश्न वापरून परीक्षा देणे हे संस्थांच्या नियमांत गैरप्रकारच ठरते. निकाल रद्द करणे, दिलेले प्रमाणपत्र काढून घेणे आणि पुढील परीक्षांना बंदी घालणे हे अधिकार सिस्को, ॲमेझॉन आणि कॉम्पटिया या सर्वांनी आपल्याकडे ठेवले आहेत. म्हणजे आज मिळालेले प्रमाणपत्र नोकरी लागल्यानंतरही जाऊ शकते, आणि मग त्याचा खुलासा तुम्हाला वरिष्ठांपुढे करावा लागेल.

व्यवहाराचे म्हणाल, तर डंपमधली कित्येक उत्तरे चुकीची असतात, कारण ती कोणा उमेदवाराने आठवून लिहिलेली असतात. सरावासाठी दुसरी साधने आहेत. परीक्षेचा अधिकृत अभ्यासक्रम विनामूल्य उतरवून घेता येतो आणि ॲमेझॉनसारख्या कंपन्या नमुना प्रश्नही देतात. स्वयम या शासकीय ऑनलाइन शिक्षणमंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे संगणक नेटवर्क आणि ऑपरेटिंग सिस्टिमचे एनपीटीईएल अभ्यासक्रम आहेत, ते शिकायला शुल्क नाही. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क भरावे लागते. तुमच्या हातात अजून अंतिम वर्षाचा प्रकल्प आहे, तो नेटवर्क किंवा लिनक्सवर करता येतो का ते मार्गदर्शकांना विचारा. पदवी मिळाली की पदवीधरांसाठीच्या शासकीय अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करा. ती १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली चालते, विद्यावेतन मिळते, आणि वर्षाच्या शेवटी हाती येणारा दाखला प्रत्यक्ष कामाचा असतो. मोठ्या प्रमाणपत्राचा अर्ज जेव्हा भराल, तेव्हा अनुभवाच्या रकान्यात लिहायला पहिली ओळ तुमच्याकडे तयार असेल.